इर्मा नेनीनं कापलेला कोपरा

इर्मा कोवाचला गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ही बाई गाड्यांची वेडी असणार. कसली वेडी! डेट्रॉइटच्या दक्षिणेला, आमच्या भागात, दूध आणायला जायचं तरी माणूस गाडी काढतो. तिथे ही बाई आयुष्यभर बसनं फिरली. पण तेहतीस वर्षं तिनं कारखान्यात गाड्यांच्या सांगाड्यांना टाके मारले, वेल्डिंगचे टाके. साखळीला टांगलेली ती जड गन ओढून ओढून तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. शिंप्याकडून कोट शिवून घेताना ती त्याला आधीच बजावायची, "माझं माप चुकलेलं नाही, मीच वाकडी आहे."

आम्ही तिला इर्मा नेनी म्हणायचो. तिच्या हंगेरियन लोकांत वयानं मोठ्या बाईला नेनी म्हणतात, म्हणजे मावशीच. माझं नाव डेलमार टॅकेट, माझी माणसं केंटकीच्या कोळशाच्या खाणींतून इकडे आलेली, तेव्हा नात्यागोत्याचा प्रश्नच नाही. पण आज मला भाऊ आहे तो या बाईमुळे. नेनी जाऊन सहा वर्षं झाली. उपकार मानायचे तर तोंडातल्या तोंडात कशाला, मोठ्यानं मानावेत, म्हणून हे लिहायला बसलोय.

आता जरा ब्रेसबद्दल. साठीच्या दशकातल्या त्या दांडग्या गाड्या, ज्यांना लोक मसल कार म्हणतात, त्यांचं दुखणं एकच होतं. इंजिन पैलवानाचं आणि अंग हलकं. जोरात पळवली की पुढचा भाग पिळवटायचा. म्हणून बॉनेटखाली पोलादी पट्ट्या असतात, चाकांवरचे खांब इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला बांधून ठेवणाऱ्या. त्या पट्टीला ब्रेस म्हणतात. एकाच गाडीचे, एकाच वर्षीचे ब्रेस तीन-तीन तऱ्हेचे निघतात. कुणाला लांबट भोक, कुणाला गोल, कुणाची कड दुमडलेली, कुणाची सरळ. मूळचा कोणता आणि नंतर बसवलेला कोणता, यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत. आमची गाडी कुठल्या कंपनीची हेही मी सांगणार नाही, अर्धे वाचक इथेच उठून जातील.

मी अशा गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक होतो. हातात टॉर्च, काठीला लावलेला आरसा आणि काखेत जाडजूड पुस्तक. पुस्तकात नसलेला ब्रेस दिसला की कापले गुण. कापताना मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

नेनीची आणि माझी पहिली खडाजंगी अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात झाली. जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो, तिथे ती घडीच्या खुर्चीवर उशी टाकून बसायची. दुकान नाही, पाटी नाही. लोक ब्रेस घेऊन यायचे आणि ती अंगठा फिरवून सांगायची. त्या दिवशी इंडियानाचा एक माणूस दोन ब्रेस घेऊन आला होता. नेनी म्हणाली डावा मूळचा. मी पुस्तक उघडून म्हणालो उजवा.

"कशावरून?" तिनं विचारलं.

"इथे फोटो आहे."

"आणि इथे माझा अंगठा आहे. हात पुढे कर. अरे कर की, चावत नाही मी." तिनं माझा अंगठा धरून पट्टीच्या कडेवर फिरवला. "वरून गुळगुळीत, खालून खरखरीत. प्रेसचा ठोसा वरून बसतो, मग पत्र्याचे दात खाली येतात. आता हा दुसरा. दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत. हा कुणीतरी परवा-तेरवा बनवलाय. तुझ्या पुस्तकवाल्यानं अंगठा लावला होता का कधी?"

चारचौघे हसले. मी चिडून म्हणालो, "आठवणींवर गुण देता येत नाहीत, बाई. कागद लागतो."

"म्हणजे कागदावर नाही ते झालंच नाही?" ती म्हणाली. "छान आहे. माझ्या नवऱ्याला सांगायला हवं होतं, लग्नाचा दाखला हरवला होता आमचा."

मी पाय आपटत निघून आलो.

त्या दिवसांत मी चिडलेलाच असायचो, आणि त्याचं कारण माझा थोरला भाऊ होलिस. आमच्या वडिलांनी अडुसष्टच्या मे महिन्यात नवी कोरी निळी गाडी घेतली. त्यांच्या आयुष्यातली तेवढीच एक चैन. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरमध्ये ती होलिस चालवायचा. वडील गेल्यावर तो स्वतःहून म्हणाला, "गाडी तुझ्याकडे राहू दे, तुझ्याकडे गॅरेज आहे." सत्त्याऐंशीत मी ती नीटनेटकी करायला घेतली. बॉनेटखाली पाहतो तर डाव्या ब्रेसचा कोपरा कात्रीनं कापलेला, आणि जिथे एक टाका हवा तिथे दोन वेडेवाकडे टाके. माझं डोकंच फिरलं. हे कारखान्याचं काम नव्हे, कुणीतरी घराच्या परसात उरकलेलं होतं. होलिसनं गाडी ठोकली, गुपचूप दुरुस्त केली आणि आयुष्यभर वडिलांच्या तोंडावर खोटं बोलला.

रविवारी आईकडे जेवताना मी ते सगळ्यांसमोर काढलं. तो म्हणाला, "मी ओरखडासुद्धा उठवला नाही रे."

"तुला काय आठवणार?" मी म्हणालो. "तेव्हा तू शुद्धीत होतास कधी?"

तो उठला, टोपी उचलून निघून गेला. प्यायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं, आणि मी ते आईसमोर, त्याच्या मुलींसमोर काढलं होतं. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. तो मन्रोला राहायचा, माझ्या दारापासून अर्ध्या तासावर. आईच्या अंत्यविधीलाही आम्ही दोन टोकांना उभे होतो. खरं सांगतो, दर नाताळला मी फोनपर्यंत जायचो. मग तो कापलेला कोपरा आठवायचा आणि मी परत फिरायचो. आधी त्यानं कबूल करावं, एवढंच माझं म्हणणं.

शेवटी ठरवलं, नको ती पट्टी डोळ्यांसमोर. पुस्तकातल्यासारखा हुबेहूब नवा ब्रेस मागवला. ऑक्टोबरच्या एका शनिवारी सकाळी बॉनेट उघडून, ग्राइंडर हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात गॅरेजच्या दारात नेनी. डोक्याला रुमाल, हातात अक्रोडाच्या रोलचं पुडकं. बाजारात कुणाला तरी माझा पत्ता विचारून, दोन बस बदलून आली होती.

"तुझं ते पुस्तक दाखव," ती म्हणाली. "आमच्याबद्दल त्यात काय काय खोटं लिहिलंय ते वाचायचंय मला."

"आत्ता वेळ नाही, नेनी. एक पट्टी कापायची आहे."

"कुठली?" म्हणत ती आत आलीसुद्धा. चष्मा कपाळावर चढवून वाकली. मी ग्राइंडरचं बटण दाबणार, तोच तिनं तिचा तो वाकडा खांदा माझ्या आणि गाडीच्या मध्ये घातला.

"याय!" ती म्हणाली. हंगेरियन बाईच्या तोंडून याय आलं की काहीतरी झालेलं असतं. "ते मशीन खाली ठेव आधी. ठेव म्हणते ना!"

मी ठेवलं. ती कितीतरी वेळ त्या कापलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिली.

"हा मी कापलाय," ती म्हणाली.

मी हसलो. मला वाटलं, म्हातारीचं डोकं चाललं.

"हसू नकोस. एप्रिल अडुसष्ट. ब्रेस ठोकायच्या डायला, म्हणजे साच्याला, तडा गेला. कोपरा मोठा यायला लागला आणि भिंतीला अडायला लागला. लाइन थांबवायची म्हणजे फोरमनचा जीव जायचा. त्यानं आम्हा चौघींच्या हातात पत्रा कापायच्या कात्र्या दिल्या आणि म्हणाला, कापा. नऊ दिवस कापत होतो आम्ही. कोपरा गेला की तिथला टाकाही जायचा, म्हणून मी हातानं दोन मारायची. कुणी कुठे लिहिलं नाही. कोण लिहिणार? चौघींत डावखुरी मी एकटी. बघ, काप कुठून सुरू झालाय."

पण मी परीक्षक ना! "नेनी, हे तुम्ही म्हणता. माझा भाऊ म्हणजे लपवाछपवीत सराईत माणूस. त्यानं नंतर कापून वर रंग मारला असेल."

"तुझा भाऊ?"

मग मी सगळं सांगितलं, अकरा वर्षांसकट. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "टॉर्च दे."

तिनं माझ्याच चिमटीत एक पातळ पातं दिलं आणि कडेचा निळा रंग मला खरवडायला लावला. खाली तांबूस प्रायमर निघाला, रंगाआधी कारखान्यात देतात तो पहिला थर. आणि त्या प्रायमरचा एक ओघळ होता. मागच्या भिंतीवरून सुरू झालेला, त्या दोन टाक्यांवरून उतरलेला आणि कापलेल्या कडेवर येऊन वाळलेला. बोटभर लांब, सलग एक ओघळ.

"सांगाडा टाके मारून झाला की मग प्रायमरला जायचा," नेनी म्हणाली. "आता दाखव मला, हा मधे कुठे तुटलाय? आधी कापलं, आधी टाके मारले, मग हा ओघळला. तेव्हा ही गाडी तुझ्या बापानंसुद्धा पाहिली नव्हती. तुझा भाऊ कुठून येतोय यात?"

मी आरसा लावून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. कुठेही तुटलेला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी हे पाच मिनिटांत पाहिलं असतं. इथे अकरा वर्षं पाहिलं नाही, कारण मला पाहायचंच नव्हतं. मी स्टुलावर बसलो आणि मला रडू फुटलं, पन्नाशीच्या बाप्याला. नेनीनं मला अक्रोडाच्या रोलचा तुकडा कापून दिला, त्या ग्राइंडरशेजारीच.

"चल, मला घरी सोड," ती म्हणाली. "वाटेत मन्रो लागतं."

"नेनी, मन्रो उलट्या दिशेला आहे."

"मग लांबून जाऊ."

त्याच निळ्या गाडीतून गेलो. होलिस अंगणात पानं गोळा करत होता. केस पांढरेशुभ्र झालेले. गाडीचा आवाज त्यानं ओळखला असणार, कारण मान वर न करताच तो थांबला. मी उतरलो आणि गाडीच्या दाराशीच उभा राहिलो. नेनी मागून म्हणाली, "बोल की आता! जेवताना तर बरा बोलला होतास."

"होलिस, तो ब्रेस कारखान्यातूनच तसा आला होता," मी म्हणालो. "तू काही केलं नव्हतंस. चुकलं माझं. फार चुकलं."

मला वाटलं तो शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तो नुसता गाडीजवळ आला, बॉनेट उघडून वाकला आणि म्हणाला, "म्हणजे मी कुणाला धडकलो नव्हतो?"

मला कळलंच नाही. "कुणाला म्हणजे?"

"तू म्हणालास ना, शुद्धीत नव्हतास. खरंच नव्हतो रे तेव्हा. आईकडे म्हणालो खरा, ओरखडा नाही म्हणून, पण घरी येऊन रात्री झोप येईना. म्हटलं, डेलमारला गाड्यांतलं कळतं, तो म्हणतोय म्हणजे ठोकली असणार. मग कशाला ठोकली? खांबाला? हरणाला? का माणसाला?" तो अजून बॉनेटखालीच पाहत होता. "वाचनालयात जाऊन त्या दोन वर्षांची सगळी वर्तमानपत्रं काढली मी. रस्त्यावर कोण मेलं आणि ठोकणारा सापडला नाही. तीन नावं निघाली. पाठ आहेत मला."

अकरा वर्षं मी त्याच्या कबुलीची वाट पाहत होतो, आणि अकरा वर्षं हा माणूस स्वतःला खुनी समजत होता. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

नेनी पुढे झाली. तिनं त्याचा अंगठा धरला आणि त्या कडेवर ठेवला. "हे मी कापलंय, पोरा. इर्मा कोवाचनं. तू कुणाला धडकला नाहीस."

"नक्की?"

"नक्की."

तो ओट्याच्या पायरीवर बसला, टोपी काढली आणि पहिलं नाव घेतलं. एका बाईचं नाव होतं. नेनी त्याच्या शेजारी पायरीवर टेकली आणि म्हणाली, "तू नव्हेस." त्यानं दुसरं नाव घेतलं. "तू नव्हेस." तिसरं नाव नऊ वर्षांच्या मुलाचं होतं, ते त्याच्या तोंडून निघेना. नेनी त्याचा हात हातात घेऊन थांबली. मीही त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. शेवटी त्यानं ते नाव घेतलं, आणि या वेळी आम्ही दोघांनी मिळून सांगितलं.