डचेस तळाशी झोपलीय

क्लाइव्ह टॉल्मीने उभा जन्म ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या रेल्वे कारखान्यात घणांच्या आवाजात काढला. त्यामुळे असेल, पण समोरचा काहीही बोलला की हा 'हं' म्हणून मोकळा. त्याची बायको एनिड मला, तिच्या शेजारणीला, म्हणायची, "ग्लेंडा, घर पेटलंय असं सांगितलं तरी हा 'हं' म्हणेल आणि पेपराचं पान उलटेल."

मार्चमध्ये एनिड गेली. मागे राहिली तिची डचेस, परसातल्या तळ्यात एकतीस वर्षं पाळलेलं लांब मानेचं कासव. क्लाइव्हने तिला आजवर कधी खायलाही घातलं नव्हतं. आता मात्र तो तळ्याकाठी खुर्ची टाकून बसायला लागला.

"हिला जगवायचं, ग्लेंडा. एनिडचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

आमच्या गल्लीत कुणाचं माणूस गेलं की एका शनिवारी शेजारीपाजारी अवजारं घेऊन जमतात आणि त्याचं आवार लख्ख करून देतात. एप्रिलअखेरीस आम्ही क्लाइव्हकडे गेलो. नासपतीच्या झाडाखाली गुडघाभर पाला साचला होता. तो मी उपसला. मला अर्धवट काम खपत नाही. एक मोठा ढीग उचलला आणि असा दर्प आला की मी नाक दाबलं.

"काय रे, इथे मेलेलं मांजर पुरलंयस का?"

"तुझ्या स्वयंपाकाचा वास आला असेल," क्लाइव्ह म्हणाला आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा हसला. मला फार बरं वाटलं. सगळा पाला ट्रेलरमध्ये भरून मी नगरपालिकेच्या यंत्रावर पोचवला. तिथे त्याचा भुगा करतात.

त्यानंतर डचेस दिसली नाही, पण थंडीत कासवं तळाच्या चिखलात शिरतात हे इथे सगळ्यांनाच ठाऊक. "तळाशी झोपलीय," क्लाइव्ह येईल त्याला सांगायचा. जुलैत तळ्यावर बर्फाची साय धरली की हा सकाळी सकाळी झोपायच्या कपड्यांवरच बाहेर. हातोड्याने फोडलं तर ती दचकेल, म्हणून किटलीतलं कोमट पाणी हळूहळू ओतायचा. बर्फ पुन्हा धरू नये म्हणून टेनिसचा चेंडू तरंगत ठेवायचा. खोकून खोकून त्याची बरगडी दुखायला लागली.

"अरे, तिच्याआधी तूच जाशील."

"हं."

सप्टेंबर सरला. दुसऱ्यांची कासवं दगडांवर ऊन खायला लागली. ऑक्टोबरात आम्ही दोघांनी तळं उपसलं आणि चिखल ओंजळीओंजळीने चाळला. डचेस नव्हती.

मागच्या वर्षी ती वर कधी आली होती ते बघावं, म्हणून क्लाइव्हने स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर काढलं. एनिड त्यावर सगळं टिपून ठेवायची. पानं उलटताना एप्रिलच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'डचेस नेहमीसारखी पाल्यात झोपली. नासपतीखाली हात लावायचा नाही. क्लाइव्हला सांगितलं.'

घाबरलं की लांब मानेचं कासव कसला घाण वास सोडतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? त्या दिवशी ती माझ्या हातात होती, आणि मी तिच्यावर विनोद केला होता.

"क्लाइव्ह, तो पाला मी..."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याचं चिखलाने माखलेलं बोट शेवटच्या दोन शब्दांवर होतं.

"दर वर्षी सांगत असणार ती," तो म्हणाला. "आणि मी 'हं' म्हटलं असणार."