शनी दाखवायच्या आधी

सगळ्यांच्या हातात स्टीलची ताटं. माझ्या हातात कागदी प्लेट.

"ताटं कमी पडली गं," काकू म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. त्यांच्यामागे रॅकवर सहा ताटं उभी होती.

शहाऐंशीचा हिवाळा. परदेशात, श्रूजबरीत, गुडघाभर बर्फ. एक अवकाशयान नुकतंच युरेनसजवळून गेलं होतं. त्या दूरच्या, वायूच्या ग्रहांवर मी पीएचडी करत होते. जेवणं झाल्यावर जमलेल्या मराठी मंडळींना स्लाइड्स दाखवणार होते.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. तरी दोन वर्षं दर रविवारी मला गाडीने घरी न्यायच्या. ताटात वाढायच्या. महिन्यापूर्वी बाबा गेल्याचा फोन आला. मला जाता आलं नाही. मी काकूंच्या कुशीत रडले. पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तेराव्याचं आपण इथेच करू."

"आमच्यात तेरावं नसतं, काकू. जलदानविधी असतो. भिक्खू येतात."

हात थांबला. मला वाटलं, त्याही रडतायत.

आता प्लेटच्या तळातून आमटी ठिबकत होती.

काका म्हणाले, "शनी नीट दाखव हं. आमची साडेसाती चालू आहे!" सगळे हसले.

बाबा शाळेत शिपाई होते. शेजारी शनीला तेल वाहायचे, तेव्हा आकाशातला तो ठिपका दाखवून मला म्हणायचे, "वायूचा गोळा आहे तो. त्याला कशाला तेल?"

मी उठले. प्लेट कचऱ्यात टाकली. रॅकवरचं ताट घेतलं, भात वाढून घेतला, सगळ्यांच्यात बसले. सगळं जेवले. ताट घासलं, पुसलं, आणि बाकीच्या ताटांत मिसळून ठेवलं. कुठलं माझं, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"अगं, डिशवॉशर आहे ना," काका म्हणाले.

मग प्रोजेक्टर लावला. गुरू, शनी, युरेनस. एका मुलीने विचारलं, "पण लँड कुठे करायचं?"

"कुठेच नाही. असा ग्रह लांबून रेखीव दिसतो. पाय टेकायला जमीनच नसते."

त्या घरी पुन्हा गेले नाही.

आता कुणालाही शनी दाखवायच्या आधी मी बाबांचं सांगते. शिपाई होते. बौद्ध होते. त्यांचा जलदानविधी झाला, तेव्हा मी तिथे नव्हते.

ज्याला उठून जायचंय, त्याने दिवे मालवायच्या आधी जावं. मी चेहरे बघून घेईन.