मावशीच्या मुठीचा रंधा

माझी मावशी बांधकामावर कामाला आणि काका सुतार, त्यामुळे त्यांच्या घरात ‘रंधा’ या एका शब्दावरून कायम जुंपायची. सुताराचा रंधा लाकूड तासतो, त्याच्या पोटात पातं असतं. गवंड्याचा रंधा म्हणजे नुसती सपाट फळी, पाठीवर मूठ बसवलेली. ती ताज्या गिलाव्यावर गोल गोल फिरवली की भिंत एकसारखी होते. काका म्हणायचे, “खरा रंधा आमचा. तुमची ती मूठ लावलेली फळी.” मावशी म्हणायची, “फळी तर फळी. तुमची कपाटं टेकतात कशाला, ते बघा आधी.”

गंमत अशी की ही जुगलबंदी सुरू झाली तेव्हा मावशीकडे स्वतःची फळीही नव्हती. ती माल कालवायची. वाळू चाळायची, सिमेंट मिसळायचं, पाणी घालून फावड्याने कालवायचं आणि घमेलं भरून गवंड्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं. लहानखुरी आणि चपळ, म्हणून सगळे तिला ‘चिमणी’ म्हणायचे. तिने कालवलेला माल भिंतीवरून ओघळत नाही आणि थापीला चिकटूनही बसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. गवंडी आपसांत भांडायचे ते चिमणीने आधी कोणाला माल द्यायचा यावरून.

माझी आई तिची थोरली बहीण. पुढचं सगळं मला आईने सांगितलं, आणि सांगताना ती दर वेळी हसायची.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून सावलीला बसले होते. एका खोलीतला गिलावा अर्धवट राहिला होता. मावशी रिकामी घमेली गोळा करायला गेली आणि तिने सवयीने भिंतीला तळहात लावून पाहिला. माल अगदी जमून आला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो कडक होऊन त्याने रंध्याला दाद दिली नसती. तिने बाहेर डोकावून पाहिलं. गवंड्याचं अजून अर्धं जेवण बाकी होतं. त्याचा रंधा पाण्याच्या बादलीत पडलेला होता. मावशीने तो उचलला.

मोठे मिस्त्री आत आले तेव्हा कोपऱ्यापासून खिडकीपर्यंतची भिंत झाली होती. मोठे मिस्त्री म्हणजे सगळ्या गवंड्यांचे म्होरके. पोट सुटलेलं, आवाज बसका, आणि भिंतींशी बोलायची सवय. “तुला कोणी घासलं गं?” त्यांनी भिंतीला विचारलं.

“मी घासलं,” मावशी मागून म्हणाली.

मिस्त्र्यांनी भिंतीवरून हात फिरवला. मग ते म्हणाले, “हात बरा आहे. पण दुसऱ्याच्या रंध्याने काम करायचं नसतं. स्वतःचा घेऊन ये, मग बघू.”

बाकीच्यांना वाटलं, मिस्त्र्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. मावशीला तसं वाटलं नाही. ती त्या दिवशी घरी चालत आली की उडत, हे तिचं तिलाच आठवत नव्हतं. वाटेत हार्डवेअरच्या दुकानात शिरून तिने तिथले रंधे हातात घेऊन पाहिले. एकेकाची मूठ इतकी जाड की तिची बोटं मागे पोचेनात. दुकानदार म्हणाला, “बाई, हे पुरुषांच्या हाताचे असतात.” मावशी म्हणाली, “भिंतींना कुठं ठाऊक असतं ते,” आणि बाहेर पडली.

काकांना तिने सांगितलं मात्र, काकांच्या अंगात वारं शिरलं. “विकत कशाला? सुताराची बायको आहेस तू.” दुसऱ्या दिवशी ते आपल्या सुतारकामाच्या दुकानात जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी त्यांनी कापडात गुंडाळून जे आणलं, ते पाहून माझ्या आईने विचारलं होतं, हे भिंतीवर टांगायचं आहे का. जड सागाची फळी, कडा गोलसर, मुठीवर कोरलेलं फूल आणि वरून खालपर्यंत पॉलिश. तोंड दिसेल इतकी चकाकी.

मावशी तो रंधा मोठ्या ऐटीत कामावर घेऊन गेली. मिस्त्र्यांनी तिला जिन्याखालचा एक तुकडा दिला. तिने रंधा भिंतीला लावला, फिरवला, उचलला, आणि रंध्याबरोबर मालाचा एक मोठा पापुद्रा अलगद निघून आला. पॉलिशचा गुळगुळीत तळ ओल्या मालाला असा काही चिकटला की सोडायला तयार होईना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वर वजन इतकं की मनगट भरून आलं. गवंडी पोट धरून हसले. एकाने विचारलं, “चिमणे, हा देव्हाऱ्यातून आणलास का?” मावशीलाही हसू आवरेना. मोठे मिस्त्री तेवढे हसले नाहीत. त्यांनी रंधा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “काम सुरेख आहे. पण हा पाणी पीत नाही. जो पाणी पीत नाही, तो गिलाव्याचा रंधा नाही.”

घरी येऊन हे काकांना सांगायचं कसं, याचाच तिला घोर लागला. जेवण होईपर्यंत ती इकडचंतिकडचं बोलत राहिली. शेवटी काकांनीच विचारलं, “पापुद्रे निघाले ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“फुलाच्या पाकळ्यांत सिमेंट बसलंय,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मग त्यांनाच हसू फुटलं. “आणतो उद्या हलकं लाकूड. दुसरा करतो.”

“नको,” मावशी म्हणाली. “तुम्ही कराल तो तुमच्या हाताचा होईल. माझा मी करते. तुम्ही फक्त हत्यारं द्या, आणि हात लावायचा नाही.”

काकांनी कबूल केलं. आई म्हणायची, माणसाने उपाशी राहायचं कबूल करावं, पण असलं काही कबूल करू नये.

सुट्टीच्या दिवशी अंगणात सतरंजी टाकून मावशी बसली. यंत्राचे भाग ज्या लाकडी खोक्यातून येतात, तसल्या खोक्याची एक फळी तिने कामावरून मागून आणली होती. हलकी, फिकट, सरळ रेषांची. तिने करवत लावली. काका समोरच्या पायरीवर बसले होते. करवत जरा तिरकी गेली की त्यांचा गुडघा आपोआप हलायचा.

“अगं, जरा...”

“काय ठरलं होतं?”

“मी कुठं काय म्हटलं?”

फळी कापून झाली. आता मूठ. मूठ कशी हवी ते तिला सांगता येईना. मग ती उठली, कुंडीतली चिकणमाती भिजवली, तिचा गोळा मुठीत घेतला आणि भिंतीवर रंधा फिरवताना धरतात तसा आवळून धरला. मूठ उघडली तर मातीवर तिच्या चारही बोटांचे खळगे उमटले होते, आणि अंगठ्याचा एक. तो गोळा तिने उन्हात वाळत ठेवला. काका उठून जवळ आले, वाकून त्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी खुर्च्या-कपाटांच्या मुठी केल्या होत्या, पण हाताचं माप असं घेतलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते परत जाऊन पायरीवर बसले, आणि त्यानंतर त्यांचा गुडघा हलला नाही.

पहिली मूठ पटाशीने कोरताना चिरली. दुसरी जमली. कानस मारून, काचकागद घासून तिने ती मातीच्या गोळ्याशी ताडून पाहिली. मग फळीला भोकं पाडली. स्क्रूची डोकी खालून आत दडवायची होती, नाहीतर भिंतीवर ओरखडे उठले असते. एक स्क्रू तिरका गेला. काकांनी डोळे मिटून घेतले. मावशीने तो काढला आणि पुन्हा घातला. पॉलिशचा डबा तिने लांब सरकवून ठेवला. रंधा तयार झाला तेव्हा तो दिसायला अगदीच साधा होता, एका बाजूला किंचित तिरपाही. तिने तो बादलीत बुडवला. फळीतून बारीक बुडबुडे वर आले.

“बघा, पितोय पाणी,” ती म्हणाली.

कामावर न्यायच्या आधी तिला तो कुठंतरी फिरवून पाहायचा होता. आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत पोपडे धरून उभी होतीच. आईने होकार दिला आणि बाबांना सामान बाहेर काढायला लावलं. बाबा भांडी वाहता वाहता म्हणाले, “मेहुणीच्या हौसेसाठी माझं स्वयंपाकघर ओट्यासकट व्हरांड्यात.” मावशी म्हणाली, “दाजी, भिंत बिघडली तर मी जन्मभर तुमच्याकडे जेवायला येणार नाही.” बाबा म्हणाले, “मग बिघडूच दे.”

मावशीने पोपडे खरवडले, भिंत भिजवली, थापीने माल मारला आणि लांब पट्टीने सपाट ओढून घेतला. मग सगळ्यांना गप्प बसायला सांगून ती वाट बघत उभी राहिली. मधूनमधून तळहात टेकवायची, पुन्हा वाट बघायची. अखेर तिने ब्रशने पाणी शिंपडलं आणि रंधा लावला. खस्स खस्स असा कोरडा, गोड आवाज यायला लागला. आई सांगायची, तो आवाज ऐकून काका उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून नुसतं “हां” निघालं. त्या रात्री बाबांनी व्हरांड्यातच चूल मांडून सगळ्यांना जेवायला घातलं, मावशीला दोनदा वाढून.

कामावर मिस्त्र्यांनी तिला जिन्याची उंच भिंत दिली. जिन्यात उजेड कमी. भिंत पुरी झाल्यावर ते दिवा घेऊन आले आणि त्यांनी तो भिंतीला अगदी चिकटवून धरला. असा आडवा उजेड पडला की लपलेला चढउतारही सावली टाकतो. दिवा हळूहळू वर गेला, खाली आला. एका जागी थांबला.

“इथं एक लाट आहे,” मिस्त्री भिंतीला म्हणाले.

मावशीने पाणी शिंपडलं, लाट घासून काढली. दिवा पुन्हा फिरला. मिस्त्र्यांनी मग तिचा रंधा हातात घेतला आणि मूठ धरून पाहिली. त्यांची जाड बोटं त्या खळग्यांत मावेनात. “माझ्या उपयोगाचा नाही,” असं म्हणून त्यांनी तो परत दिला, आणि खाली तोंड करून हाक मारली, “उद्यापासून माल कालवायला दुसरं माणूस बघा रे. चिमणी भिंतीवर आहे.”

खालून कोणीतरी म्हणालं, “मग आता चांगला माल कोण देणार?” ही तक्रार पुढे बरेच दिवस चालली. शेवटी नव्या बाईला कालवायचं शिकवायलाही मावशीच गेली.

सागाचा तो फुलवाला रंधा काकांनी दुकानाच्या फळीवर ठेवला. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय आहे, आणि काका आपली फजिती सुरुवातीपासून सांगायचे. सांगता सांगता बायकोच्या भिंतींवर यायचे आणि तिथून परत यायचेच नाहीत.

आता दोघांना बरेचदा एकाच इमारतीत काम मिळतं. ती भिंती करते, ते दारं बसवतात. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला तिथे गेले, तर दोघं एका चौकटीपाशी उभी. चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट राहिली होती.

“तुमची चौकट वाकडी आहे,” मावशी म्हणाली.

“चौकट ओळंब्यात सरळ आहे. तुझ्या भिंतीला पोट सुटलंय.”

“माझ्या भिंतीला पोट? लावा दिवा.”

काकांनी खरंच दिवा लावला. दोघं खाली बसली, डोकं डोक्याला लावून, आणि एक डोळा मिटून भिंतीकडे बघत राहिली. मी आणलेला चहा गार होत होता. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, म्हणून मग मी तो पिऊन टाकला.