विहिरीबाहेर काढलेलं कासव

माझ्या सासरच्या विहिरीत एक कासव होतं. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा बऱ्याच विहिरींत असायचं. नव्या विहिरीला पाणी लागलं की नदीतून कासव आणायचं, हळदकुंकू वाहून आत सोडायचं, आणि मग त्याला कधीच बाहेर काढायचं नाही. ते किडे खातं, पाणी निवळ ठेवतं, असं पुरुष सांगायचे. ते आत आहे तोवर घराला धक्का लागत नाही, असं बायका सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला या दोन्ही गोष्टींशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या घरात माझ्यावर न खेकसणारा तो एकटाच जीव होता, म्हणून मला त्याचा लळा लागला.

नवरा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. सासूबाईंचं तोंड दिवसभर चालू असायचं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. ते फारसं बोलत नसत. सकाळी विहिरीत बादली सोडली की कासव वर यायचं. मी शिळा भात पदरात लपवून नेलेला असे, तो टाकायची आणि कालच्या दिवसाच्या सगळ्या तक्रारी त्याला सांगायची. ते मान लांब करून ऐकत राहायचं. भातासाठीच ऐकत असणार, एवढी काही मी खुळी नव्हते. पण दुसरं कोण ऐकत होतं?

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे. गडचिरोली तेव्हा जिल्हा नव्हता, चांद्याची एक तहसील होती. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला आठवा लागला होता. घरातल्या खाटांत ढेकूण माजले होते आणि ती बिचारी पोट सांभाळत रात्रभर कूस बदलायची. त्याच आठवड्यात गावात मलेरियावाले आले, पाठीवर पंप घेऊन. त्यांनी घरोघरच्या भिंतींवर पांढरं औषध मारलं. पाण्याची भांडी झाका, खाण्यापिण्यात जाऊ देऊ नका, असं बजावून सांगितलं. मी त्यांच्याकडून उरलेलं दाट औषध लोटाभर मागून घेतलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. ती अक्कल माझीच.

दोन्ही खाटांच्या सांध्यांत मी ते ओतलं. मग वाटलं, नणंदेच्या अंगाला लागलं तर आग होईल. म्हणून दुसऱ्या दिवशी खाटा विहिरीच्या ओट्यावर नेऊन सहा-सात बादल्या पाण्याने खळखळून धुतल्या. ओट्याला विहिरीच्या बाजूने मोठी भेग होती. पांढरं पाणी त्या भेगेतून आत जाताना मी पाहिलं. पाहिलं, आणि पुढची बादली ओढली. त्या रात्री नणंद गाढ झोपली. सकाळी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "मायी सून हुशार आहे बरं." लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याबद्दल चांगलं बोलल्या. मी दिवसभर हवेत होते.

चौथ्या दिवशी शेजारचं मांजर थरथरत आमच्या दारात आलं, दोनदा कोलमडलं आणि मेलं. औषध लागलेल्या भिंतीला अंग घासलं असेल, असं सगळे म्हणाले. त्यानंतर दोन दिवसांनी मी बादली सोडली तेव्हा कासव अगोदरच वर आलेलं होतं. ते एकाच जागी गोल गोल फिरत होतं. भात टाकला तर तोंड लावेना. मान बाहेर लोंबत होती, आत घेता येत नव्हती, आणि पाय थरथरत होते. तशी थरथर मी नुकतीच पाहिली होती. पण मी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरात नेऊन ठेवली.

मामाजींनी कासव पाहिलं आणि डोक्याला हात लावला. विहीर खणली तेव्हा त्यांनीच ते आणून सोडलं होतं. लेकीचे दिवस भरत आलेले आणि विहिरीतलं कासव असं, हे त्यांना बरं दिसलं नाही. "गडचिरोलीले ढोराच्या डॉक्टरकडे नेतो," ते म्हणाले. बुळकांडीच्या साथीत त्या डॉक्टरने आमचे बैल वाचवले होते. सासूबाई आडव्याच आल्या.

"विहिरीतलं कासव बाहेर काढतेत का कोनी? मराचं असन तं आतच मरू द्या. लेक घरात आहे!"

"मरू काऊन देऊ?" मामाजी म्हणाले, आणि टोपली दोराला बांधली. मग माझ्याकडे वळून, "तूही चाल, पोरी. तुयाच हातचं खाते ते."

पाच कोसांची वाट होती. आम्ही उजाडता उजाडता छकडा जुंपला. मी कासवाला ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मोहफुलं पडायच्या आधी लोकांनी झाडांखालचा पाचोळा जाळला होता, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे जमीन काळी. वाटेत एक माणूस भेटला नाही. कासवाच्या पायांची थरथर पोत्यातून माझ्या मांडीला कळत होती, आणि मला एकच दिसत होतं: घरी नणंद भरल्या घागरीतून लोटा बुडवतेय.

दवाखान्यात कंपाउंडर हसला. "कासव? आता विंचूही आनतीन लोक!" डॉक्टर बाहेर आले. पुण्याकडचे असावेत, बोलणं तसं होतं. तेही आधी हसले. "अहो, मी बैलांचा डॉक्टर, याला टोचू कुठे?" पण त्यांनी पोतं उघडलं, कासव हातात घेतलं, पाय ओढून पाहिला, आणि त्यांचं हसू थांबलं.

"कोणत्या पाण्यात असतं हे?"

"घरच्या विहिरीत जी," मामाजी म्हणाले.

"तेच पाणी तुम्ही पिता?"

"हो जी."

"विहिरीत, आसपास, एवढ्यात काही औषध पडलं होतं का? पावडर वगैरे?"

"नाई जी. विहिरीवर कोनी काईच नाई टाकलं." मामाजींनी सरळ सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काऊन, पोरी? टाकलं का काई?"

डोक्यावरचा पदर मी आणखी पुढे ओढला आणि मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी कासव परत पोत्यात ठेवलं. "मग वय झालं असेल," ते म्हणाले. "यावर माझ्याकडे औषध नाही. घरी नेऊन परत पाण्यात सोडा."

मी का खोटं बोलले, ते आता सांगायला सोपं आहे. सासूबाईंचं ते एक वाक्य मला गमवायचं नव्हतं. सुनेनं विहिरीत विष घातलं असं गावभर झालं असतं, आणि मला माहेरी पाठवलं असतं. हे सगळं खरं आहे. पण खोटं बोलताना यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. मान आपोआप हलली, इतकंच.

परतताना ऊन चढलं. बैलांसाठी आम्ही नाल्याकाठी थांबलो. मामाजींनी शिदोरी सोडली, खाल्लं, आणि छकड्याखाली आडवे झाले. मी कासवावर ओंजळीने नाल्याचं पाणी घालत बसले. त्यांना उठवावं आणि सांगावं असं शंभरदा मनात आलं. ते घोरत होते. ऊन कलेपर्यंत मी तशीच बसून राहिले, आणि अशा उन्हात गरोदर बाईला किती तहान लागते याचा हिशेब करत राहिले.

बैल जुंपले आणि गाव कोसभर राहिलं असताना कासवाने चारी पाय एकदम ताणले. मग थरथर थांबली. मी पोतं उघडून पाहिलं आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. खाटा, लोटाभर औषध, ओट्याची भेग, मांजर. हुंदक्यांत काय कळलं असेल नसेल, पण मामाजींना कळलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कोनाले बोलली काय?"

"नाही."

"बोलू नोको."

आणि जन्मात बैलावर चाबूक न उगारणाऱ्या त्या माणसाने बैलांना मारायला सुरुवात केली.

आम्ही पोचलो तेव्हा नणंद दारातच बसली होती, हातात लोटा. "वहिनी, बरं झालं का कासव?" तिने विचारलं आणि लोटा तोंडाला लावला. मामाजींनी छकड्यावरून उडी टाकली आणि तो तिच्या हातातून उडवला. घरातल्या सगळ्या घागरी त्यांनी अंगणात पालथ्या केल्या. डॉक्टरने पाणी खराब झालं म्हणून सांगितलं, असं ते घरी म्हणाले. दोन दिवस माणसं लावून विहीर उपसली, ओट्याची भेग लिंपली. कासव मी सांदवाडीत, घरामागे पुरलं.

बाराव्या दिवशी नणंदेला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधीच. मुलगी झाली. सुईणीने पाय धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या. ती रडली नाही.

पाण्यानेच झालं का, मला माहीत नाही. त्या काळी आमच्याकडे घरोघरी अशी एखादी मुलगी पुरलेली होती. पुढे मी दोन शिकलेल्या डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं दोघांनीही सांगितलं. सासूबाईंना मात्र सांगता येत होतं. सुईण हात धूत होती तेवढ्यात त्या मामाजींच्या अंगावर धावून गेल्या. "तुम्ही कासव बाहेर काढलं! मी हात जोडून सांगून राह्यली होती. घराची राखण तुम्हीच बाहेर काढली!"

मामाजी भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. मला वाटलं, आता ते बोलतील.

"हो," ते म्हणाले. "माहीच चूक झाली."

पुढची वीस वर्षं प्रत्येक भांडणात ते वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं गेलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते मान खाली घालून घेतलं. माझ्याशी ते त्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. सासूबाईंसमोर त्यांची बाजू घ्यावी असं मला किती वेळा वाटलं, ते मोजण्यात आता अर्थ नाही, कारण मी एकदाही घेतली नाही.

ते गेले, त्यांच्या तेरवीला सगळे नातेवाईक जमले. पंगतीत नणंद बसली होती. तिला पुढे मूल झालंच नाही. बायका मामाजींचे गुण सांगत होत्या, किती शांत, किती सरळ माणूस. नणंद पानाकडे बघत म्हणाली, "बाबा चांगलेच होते. पन त्या दिवशी त्याहीनं कासव बाहेर काढाले नोको होतं." वरणाचं भांडं घेऊन मी तिच्यासमोर आले होते. मी तिच्या पानात वरण वाढलं, "अजून घ्या" म्हटलं आणि पुढे गेले.