वीज आणि वेतनश्रेणी

ओल्या मोज्यांसारखं आहे आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं. एक वाळत घालावा, तोवर दुसरा निथळत दारात हजर! चंडीगडला मराठी माणसं मूठभर. त्यातली डोंगर चढणारी चिमूटभर. आणि ढगाकडे बघून वेळेत मागे फिरणारी एकच, ती मी.

आधी ओळख करून देते. दर रविवारी आम्ही दहा-बारा जण कालक्याच्या बाजूला, नाहीतर मोरनीच्या डोंगरात जातो. बदलीवर आलेले केंद्र सरकारी अधिकारी, दोन-चार विद्यार्थी, आणि मी. वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत, तीही सांगोल्याकडची. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. यजमानांच्या बदलीबरोबर इथे आले. यजमान गेले; माझ्या नावाने परतीची ऑर्डर काही कुणी काढली नाही.

ग्रुपची एक रीत आहे. ज्याची वेतनश्रेणी सर्वांत वरची, तो लीडर! डोंगर किती चढलात हे कुणी विचारत नाही. त्यामुळे तीन वर्षं लीडर आमचे काळे साहेब. त्यांचा दम दुसऱ्या वळणावर संपतो, पण वेतनश्रेणी शिखरापर्यंत टिकते.

यंदाच्या मीटिंगमध्ये साहेबांनी वाचून दाखवलं, "विषय क्रमांक चार. पासष्टीपुढच्या सभासदांना ट्रेकवर बंदी."

पासष्टीपुढची सभासद एकच. सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून रिटायर झालेले सुभेदार मोरे म्हणाले, "साहेब, निदान या सीझनचे ट्रेक तरी काकूंना करू द्या, मग बघू." तेव्हा ठरलं, सीझनभर मी निरीक्षणाखाली. बहात्तराव्या वर्षी प्रोबेशन! तिथे मी हसले. घरी आल्यावर नाही हसले. शेजारी पंजाबी, माणसं सोन्यासारखी. पण सोमवार ते शनिवार माझी मराठी फक्त देवापुढे चालते, आणि देव काही उलट बोलत नाही. रविवार गेला की माझी जीभ गंजलीच म्हणून समजा.

*

प्रोबेशनचा पहिला रविवार. पिंजौरला बसमधून उतरलो, तर कसौलीच्या अंगाला आभाळ तव्याच्या बुडासारखं. मी म्हटलं, "साहेब, आज खालीच फिरू."

साहेबांच्या मोबाइलमध्ये हवामानाची तीन अ‍ॅप्स. ते तिन्हींची सरासरी काढतात! म्हणाले, "काकू, निरभ्र दाखवतंय."

"मग मान वर करू नका म्हणजे झालं," म्हणून मी रेनकोट चढवला.

अर्ध्या तासात गारा! साहेबांनी डोक्यावर धरायला तोच मोबाइल वापरला. उतरताना लक्षात आलं, तिन्ही अ‍ॅप्स चंडीगडच्या सेक्टर सतराचं हवामान सांगत होती. तिथे खरंच कडक ऊन होतं. सरासरी अचूक, डोंगर चुकला!

*

नंतर मोरनी. आमच्या ग्रुपचा एक कापडी बॅनर आहे, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांवर ताणलेला. तो माथ्यावर उभा करून फोटो काढला नाही, तर ट्रेक झाला असं मानत नाहीत. फोटोला उभे राहिलो आणि पलीकडच्या डोंगरावर गडगडाट सुरू झाला. साहेब म्हणतात, "पाइप जरा उंच धरा, नाव दिसत नाहीये!"

एक पाइप मोरेंच्या हातात. मी ओरडले, "अहो मोरे, टाका तो पाइप!"

"काकू, साहेबांनी धरायला सांगितलंय."

"पुढच्या वर्षी याच बॅनरवर तुमचा फोटो छापतील. हार घालून!"

मोरेंनी पाइप असा भिरकावला की खालच्या झाडीतून दोन माकडं पळाली. साहेबांनी वहीत नोंद केली, "काकूंमुळे फोटो अपूर्ण."

*

ऋतुजा आमच्यातली सगळ्यात हुशार. लातूरची पोर, सेक्टर चौतीसला कोचिंगला आली आहे. एकदा चढावर असताना वीज चमकली, तर ही थांबली आणि लागली बोटांवर हिशेब करायला. आवाजाचा वेग घ्यायचा, त्यात तापमानाची दुरुस्ती करायची, मग अंतर काढायचं. तापमान नक्की किती धरायचं यावर अडली, तेवढ्यात दुसरी चमकली.

मी तिचा दंड धरला. "अगं बाई, लख्ख झाल्यापासून गडगडेपर्यंत सावकाश आकडे मोज. तिसाच्या आत आवाज आला की खाली सूट. उत्तर दशांशात काढत बसलीस तर वीजच तपासायला येईल!"

खाली आल्यावर विचारते, "काकू, तुम्ही फिजिक्स कुठे शिकलात?"

"बाजरीच्या रानात. आमचा बैल लिंबाखाली उभा होता, मी बांधाच्या खाली उकिडवी बसले होते. मी पास झाले."

*

त्याच दिवशी कालक्याच्या रस्त्यावरच्या ढाब्यात शिरलो. सगळ्यांच्या अंगावरून पाणी गळतंय. साहेबांनी ढाब्याच्या सरदारजींना माझी ओळख करून दिली, "ये हमारी सीनियर सिटिझन हैं। इनकी वजह से थोड़ा स्लो चलना पड़ता है।"

सरदारजींनी माझ्यापुढचा चहाचा रिकामा ग्लास बघितला. म्हणाले, "बीबी जी तो दूसरी चाय पी रही हैं जी। आप अभी पहुँचे हो!"

*

आता सीझनचा शेवटचा ट्रेक. मे महिना, परवाणूकडून कसौलीची चढण. ऊन असं की दगडावर भाकरी भाजावी. दुपारी एका उघड्या सोंडेवर पोचलो आणि वारा एकदम पडला. पान हलेना. मग पश्चिमेकडून काळं चढत आलं.

त्या सोंडेवर चिलाचं, म्हणजे इथल्या पाइनचं, एकच उंच झाड. साहेब म्हणाले, "सगळे झाडाखाली या! आधी हजेरी, मग उतरायचा निर्णय!"

आणि हे दहा शिकलेले लोक गेले की हो झाडाखाली! साहेबांनी यादी काढली आणि नावं पुकारायला लागले. माणूस समोर उभा, तरी "हजर" म्हटल्याशिवाय टिक नाही. चमकणं आणि गडगडणं यांत आता चार आकडे मोजून होत नव्हते. चौथ्या नावाला मी ऋतुजाकडे बघितलं. तिच्या कपाळावरचे केस सरळ उभे राहिले होते. हवेत नुसती चरचर.

मी म्हटलं, "पळा! त्या खालच्या खोलगटात. लांब लांब बसा, उकिडवे, पाय जुळवून!"

कुणी हलेना. मोरे म्हणतात, "काकू, साहेबांची ऑर्डर..."

"ऑर्डर मी देते, मोरे! उतर!"

आयुष्यात पहिल्यांदा मी सुभेदाराला एकेरी हाक मारली. तो उतरला. मोरे उतरले तसे बाकीचेही धावले. मीही उतरले, खाली बसले, डोकी मोजली. नऊ. मी धरून दहा. अकरावा कुठे?

साहेब झाडाखालीच! यादी छातीशी धरलेली, ओठ पांढरे, पाय जमिनीत रुतल्यासारखे. वरून ओरडले, "सात जणांची हजेरी राहिलीये!"

खरं सांगते, मला भीती वाटली. वाटलं, मोडेना का मान, त्याचा डोंगर आणि त्याची वेतनश्रेणी. पण पाय आधीच चढायला लागले होते. मोरे मागे यायला लागले, त्यांना हाताने खाली बसवलं. वर जाऊन म्हटलं, "साहेब, चला."

"प्रक्रिया पूर्ण..."

तेवढ्यात एक आवाज झाला. ढगाचा नव्हता.

साहेब चालायला लागले. मी मनगट धरलेलं होतं, सोडलं नाही. खोलगटात त्यांना उकिडवं बसवलं, मी हातभर लांब बसले, आणि डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. कान बधिर. मान वर केली तेव्हा ते झाड शेंड्यापासून बुडापर्यंत सोललं होतं. काकडी सोलावी तसं. धूर निघत होता.

 बसमध्ये साहेब खिडकीशी बसले, चेहरा बाहेर.

पुढच्या शनिवारी मोरेंच्या घरी मीटिंग. मी कोपऱ्यात बसले होते, हात मांडीवर, घट्ट. साहेबांनी चष्मा लावला, कागद काढला, घसा साफ केला.

"विषय क्रमांक चार. पासष्टीपुढच्या सभासदांवरील बंदी. प्रस्ताव रद्द करण्यात येत आहे."

जो त्या दिवशी डोंगरावर आलाच नव्हता, असा एक नवा अधिकारी म्हणाला, "पण साहेब, कारण? मिनिट्समध्ये लिहावं लागेल ना!"

साहेबांचा डावा हात आपसूक गालावर गेला.

"लिहा," ते म्हणाले, "प्रत्यक्ष पाहणीअंती."