नळीखालची लग्नपत्रिका

काल सुतारानं नव्या दाराला जवसाचं तेल लावलं आणि त्या वासासरशी मी सत्तरच्या दशकातल्या जाफराबादच्या शेतात, नवी नवरी होऊन उभी राहिले.

रानडुकरं हाकलायला यांनी कोरी करकरीत रायफल विकत आणली होती. पहिली गोळी बराबर जायची, पण नळी तापली की पुढच्या भरकटायच्या. सासरे वैतागले होते. "आता न्हाई सुधारली, तर परत करून टाक."

गावातल्या सुतार इब्राहिमचाचांनी नळी आणि तिच्याखालच्या लाकडी दांड्यात फट आहे का ते बघायला, मधून सरकवायला जाड कागद मागितला. घाईत मी आमची लग्नपत्रिकाच दिली. ती मध्येच अडकली.

"लाकूड नळीला दाबून राह्यलं," चाचा हसले. "तापली की फुगते, तिला जरा मोकळं सोडा."

त्यांनी आतलं लाकूड हलकेच तासलं, जवसाचं तेल पाजून वाळवलं. आता पत्रिका सरसर निघाली.

मंग बांधावर तीन गाडगी मांडली. दोन यांनी फोडली. तिसरी, तापल्या नळीची गोळी खरी परीक्षेची. सासऱ्यांनी रायफल माझ्या हाती दिली. "सूनबाई, तू मार."

मी पदर खोचला, श्वास रोखून चाप ओढला. गाडग्याच्या ठिकऱ्या उडाल्या! सासरे लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते.

तेव्हा वाटलं, नेम माझाच. आता कळतं, श्रेय त्या पत्रिकेएवढ्या फटीचं होतं. पत्रिका अजून ट्रंकेत आहे. नळीखाली घासून यांचं नाव पुसलंय, माझं तेवढं ठळक उरलंय. त्यावरून हे अजून कुरकुरतात.