सेनापतीचं बटण

ताईंचं कटिंगचं टेबल आठ फूट लांब आणि चार फूट रुंद होतं, आणि या सगळ्या भानगडीचं मूळ ते टेबलच. एवढं मोठं टेबल ओळखीपाळखीत दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. त्यामुळे आठ वर्षांपूर्वी धाकट्या भावाने विचारलं, "ताई, रविवारी दुपारी दुकान बंदच असतं ना? आम्ही दोघं-तिघं जरा खेळायला बसू का?" तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. टाचण्या नसत्या तर कदाचित नाही म्हणाल्या असत्या. अर्थात हेही खरं नाही. ताई कोणालाच नाही म्हणत नसत.

गिऱ्हाइकं त्यांना टेलरबाई म्हणत, टेबलाभोवतीची माणसं ताई म्हणत. आपणही ताईच म्हणू. उंची कमी करा, बरं. गुडघ्यावर ठिगळ लावा, बरं. परवा घट्ट करून नेलेलं आज सैल करा, तरी बरं. घरात पंखा किती वेगाने फिरवायचा तेसुद्धा नवराच ठरवायचा. त्यात त्या माणसाचा काही दोष नव्हता. बाईसाहेबांनी वीस वर्षांत कधी सांगितलंच नाही की मला थंडी वाजते!

तर खेळ. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. एक जण सूत्रधार होतो, मनानेच एक मुलूख रचतो, त्याचा नकाशा काढतो. बाकीचे त्या मुलखातलं एकेक माणूस होतात आणि त्याच्या तोंडून बोलतात. पुढे काय होणार ते ठरेना, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. यात जिंकणं-हरणं नाही, आणि संपणं तर मुळीच नाही.

सूत्रधार होता ताईंचा भाऊ. तो पाणीखात्यात होता, दिवसभर रस्त्यांतले व्हॉल्व उघडायचा आणि बंद करायचा. अशा माणसाला धर्म सुचणार तोही पाण्याचाच. त्याच्या मुलखात एक नदी होती आणि तिच्या दोन्ही काठांना एकच देवी. या काठाचे विहीरवाले म्हणत, देवी थांबलेल्या पाण्यात राहते. त्या काठाचे नदीवाले म्हणत, छे, वाहत्या. एवढ्यावरून दोन्ही काठ पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या पाण्याला तोंड लावत नव्हते.

विहीरवाल्यांचा प्रधान व्हायची एक दातांची डॉक्टरीण. "अजिबात दुखणार नाही," असं ती दवाखान्यात ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात तिचा प्रधान दरबारात बोलायचा. देवी कुठे राहते याच्याशी प्रधानाला काडीचं देणंघेणं नव्हतं. त्याला नदीवरचा पूल हवा होता. सेनापती होता एक बस ड्रायव्हर. आयुष्यभर रिक्षांना, सायकलींना, फोनवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्यांना वाट देत आलेला माणूस. एकदा, एकदाच, सगळं सैन्य घेऊन भरधाव सुटायचं आणि समोरच्याने वाट द्यायची, एवढीच त्याची इच्छा होती. आठ वर्षं तो युद्धाची वाट पाहत होता.

सैन्यं बटणांची होती. आपली, म्हणजे विहीरवाल्यांची, काळी कोटाची; नदीवाल्यांची पांढरी शर्टाची. गावातली माणसं म्हणजे जोड हरवलेली रंगीबेरंगी सुटी बटणं. सेनापतीसाठी मात्र ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी स्वतःच्या गणवेशाच्या कोटाचं वरून दुसरं पितळी बटण उपटून दिलं होतं. तिथे तेव्हापासून सेफ्टीपिन. "द्या की, दुसरं लावून देते," असं ताईंनी शंभरदा म्हटलं असेल. "नको. सेनापती कामावर गेलाय, त्याची जागा भरायची नाही," असं तोही शंभरदा म्हणाला असेल.

ताई सुरुवातीला खेळत नव्हत्या, कोपऱ्यात मशीनवर बसायच्या. एकदा भावाला देवळातल्या म्हाताऱ्या पुजारणीच्या तोंडी एकच वाक्य हवं होतं. "ताई, दार उघडून नुसतं म्हण, आत या." ताई मशीन न थांबवता म्हणाल्या, "आत या, पण पाय पुसून." प्रधान आणि सेनापती दोघांनी निमूटपणे पाय पुसले. त्या दिवसापासून पुजारीण ताईंची झाली. टेबलावर तिच्या जागी ताईंचा अंगुस्ताना उभा राहायचा, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पत्र्याची टोपी.

पुजारीण कोणाच्या बापाचं ऐकत नसे. दर रविवारी तीन तास ताईही कोणाचं ऐकत नसत, आणि सोमवारी सकाळी त्यातलं थोडंफार अंगात उरायचं. एका सोमवारी त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "नाही, हे असंच चांगलं दिसतंय." गिऱ्हाईक तसंच घेऊन गेलं. ताई दिवसभर गुणगुणत होत्या. पंखाही त्याच वर्षी दोनवर आला.

नवऱ्याला या खेळातलं ओ की ठो कळत नसे. रविवारी जेवायला बसला की तो एकच विचारायचा, "मग? आज कोण मेलं?" ताई सांगायच्या, तो "अरेरे" म्हणायचा आणि आणखी एक पोळी घ्यायचा.

आता टेबलाचा नियम सांगायला हवा. पहिल्या वर्षी सगळे बोलायचे आणि फिरवायचे. "मी तसं म्हटलं नव्हतं," "ते मी बोललो, सेनापती नाही." ताई वैतागल्या. कापड कापणाऱ्या बाईला हे चालणारच नाही. त्यांनी नियम केला: तळहात टेबलावर ठेवून जे बोलाल ते तुमच्या माणसाने बोललं. कात्री लागली. परत नाही. भाऊ ते वहीत लिहून घ्यायचा. तिसऱ्या वर्षी ड्रायव्हर हात टेबलावर ठेवून हसत म्हणाला, "काय हा पूर, माझा घोडासुद्धा गेला वाहून!" घोड्याचं नाव टॉपगिअर. ड्रायव्हरचा भारी जीव त्याच्यावर. तो परोपरीने विनवत होता, पण ताई म्हणाल्या, "कात्री लागली." महिनाभर माणूस उदास होता. सेनापतीने नंतर दुसरा घोडा घेतला नाही.

आणि मग तो रविवार आला. आपल्या मोठ्या विहिरीत मेलेली मांजर सापडली होती आणि ती नदीवाल्यांनीच टाकली असं सगळं गाव म्हणत होतं. मांजर प्रधानाने टाकवली होती. हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं आणि दरबारात कोणालाच माहीत नव्हतं, या खेळाची गंमतच ती. पुजारणीच्या होकाराशिवाय युद्ध सुरू होऊ शकत नव्हतं आणि पुजारीण दोन तास नाही म्हणत होती. मधल्या वेळात एक गिऱ्हाईक तिसऱ्यांदा अर्ध्या शटरखालून वाकून गेलं. त्याला संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं आणि त्याची चेन अडकलेली पँट ताईंच्या हातात होती.

"देवीचा अपमान झालाय!" सेनापती म्हणाला.

"आम्ही फक्त पूल सुरक्षित करणार, पुजारीणबाई," प्रधान म्हणाला. "रक्ताचा थेंब सांडणार नाही."

"झाली का हो पँट?" शटरखालून.

"अरे करा एकदाचं युद्ध आणि मोकळे व्हा!" ताई ओरडल्या, आणि त्यांचा हात पँटसकट टेबलावर आदळला.

ड्रायव्हर त्या हाताकडे बघत होता.

"हात," तो हळूच म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच वाईट वाटलं.

"ते मी बोलले रे. पुजारीण नाही," ताई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच कानांनी ऐकलं.

"जाऊ दे, ताई," भाऊ म्हणाला. "तू पँटच्या नादात होतीस. मी नाही लिहीत."

ताईंचा चेहरा उतरला होता. आठ वर्षं सांभाळलेलं गाव डोळ्यांसमोर होतं, ती सगळी सुटी बटणं, तो निळा पाववाला, ती हिरवी दाई. पण टॉपगिअरही डोळ्यांसमोर होता.

"घोड्याच्या वेळी लिहिलंस ना?" त्या म्हणाल्या. "मग लिही."

तो आठवडा वाईट गेला. ताईंनी भावाकडून सहाच्या सहा वह्या मागवून घेतल्या आणि दोन कामांच्या मध्ये वाचत बसल्या, काही पळवाट सापडते का बघायला. गुरुवारी दुपारी दुसऱ्या वहीत त्यांचंच एक वाक्य सापडलं. फार पूर्वी प्रधान असाच कुठल्याशा चढाईसाठी मागे लागला होता, तेव्हा त्याची कटकट मिटवायला पुजारीण म्हणाली होती: 'आमच्या धर्मात जी युद्धाला हो म्हणते, ती सैन्याच्या पुढे चालते. अनवाणी, हातात फक्त विहिरीच्या पाण्याचा गडू.' प्रधानाने तेव्हा विषयच सोडला होता. आता ते कोणाच्या लक्षातही नसणार.

ताईंनी वही मिटली. हे सांगितलं नाही, तर गाव जळेल आणि पुजारीण देवळात सुखरूप राहील. सांगितलं, तर पुढे चालून काही थांबवता येईल, पण पहिला बाण तिलाच. आणि टेबलावर मेलेलं माणूस परत येत नाही, हाही नियमच. ती गेली तर सोमवारी सकाळी आपल्यात काय उरणार, या विचाराने ताईंना चक्क भीती वाटली.

"आज रविवार नाही, तरी तोंड उतरलंय," नवरा जेवताना म्हणाला. "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," ताई म्हणाल्या.

रविवारी बटणं मांडली. इकडे काळी, तिकडे पांढरी, मध्ये नदी आणि पुलाच्या जागी मोजपट्टी. ताईंनी दुसरी वही उघडली, हात टेबलावर ठेवला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग अंगुस्ताना उचलून काळ्या बटणांच्या पुढे ठेवला.

"ताई, कशाला हो?" ड्रायव्हर म्हणाला. "कोणाला आठवत होतं?"

"मला."

अंगुस्ताना पुलावरून सरकत पलीकडच्या काठाला आला.

"ऊन आहे का?" ताईंनी विचारलं.

"कडक," भाऊ म्हणाला.

"मग तिला तहान लागलीय. ती वाकते आणि ओंजळीने नदीचं पाणी पिते."

डॉक्टरीण दचकली. "विहिरीची पुजारीण? नदीचं पाणी?"

"तहान लागली होती, म्हटलं ना. आणि गडू ती समोरच्या तिरंदाजाला देते. तोही सकाळपासून उन्हात उभा आहे."

भावाने फासा उचलला. नदीवाल्यांच्या मागच्या रांगेला गडू दिसत नव्हता, त्यांना विहीरवाली काठावर आलेली दिसत होती. बाण सुटणारच होता. दहाच्या वर पडलं की संपलं. त्याची मूठ काही उघडेना. बहीण होती ती त्याची.

धप्पकन टेबलावर एक हात पडला. ड्रायव्हरचा.

"सेनापती धावत सुटला," तो म्हणाला. "पायी. घोडा नाही त्याला. तलवार टाकली, धावताना अडते. पुजारणीच्या पुढे जाऊन उभा राहिला."

"अहो, विचार करा," भाऊ म्हणाला.

"हात बघा माझा कुठे आहे."

फासा पडला. सतरा.

"लागला," भाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाला. "कुठे लागला म्हणू?"

ड्रायव्हरने छातीवरच्या सेफ्टीपिनवर बोट ठेवलं. "इथे."

मग डॉक्टरणीने हात टेबलावर ठेवला, आणि आवाज तिचा दवाखान्यातला नव्हता. "प्रधान म्हणतो, मांजर आम्ही टाकली होती. पूल दोघांचा." भावाने लिहून घेतलं. पांढऱ्या बटणांनी धनुष्यं खाली केली.

"आठ वर्षं!" ड्रायव्हर डोळे पुसत हसत होता. "आठ वर्षं वाट पाहिली आणि एक वारसुद्धा केला नाही. पण काय गेलो हो, ताई! काय गेलो!"

ताईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी पितळी बटण उचललं. मेलेलं माणूस टेबलावर राहत नाही.

"कोट काढा," त्या म्हणाल्या.

या वेळी तो नको म्हणाला नाही. ताईंनी सेफ्टीपिन काढली, दोरा दुहेरी घेतला, बोटात अंगुस्ताना चढवला आणि बटण आपल्या जागी लावून दिलं. आठ वर्षं हाताळून ते बाकीच्या बटणांपेक्षा जास्त चकाकत होतं. पुढच्या रविवारी काय होणार, असं डॉक्टरणीने विचारलं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, दोन्ही काठांना पाणी पोचवणारा कोणीतरी लागेल की, तो मी होतो, गाढव आहे का एखादं?

रात्री जेवताना नवऱ्याने पोळीचा तुकडा मोडला. "मग? आज कोण मेलं?"

"सेनापती," ताई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "म्हणजे तो... बस ड्रायव्हर?"

"हो."

"अगं, उद्या सकाळी माझी बस त्याचीच असते." तो खरोखर गोंधळला होता. "काय बोलू मी त्याला?"

"काही बोलू नका," ताई म्हणाल्या. "चढताना फक्त कोटाचं वरून दुसरं बटण बघा."